जॅझ स्वस्तात मिळतं, ते का आणि कुठे?

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा आल्बम कोलंबिया कंपनीने १७ ऑगस्ट १९५९ रोजी बाजारात आणला. लेबलावर सहा डोळ्यांची चिन्हं असलेली त्याची पहिल्या छपाईची रेकॉर्ड चांगल्या स्थितीत असेल, तर संग्राहक आज तिच्यासाठी शेकडो डॉलर मोजतात. त्याच आल्बमची वापरलेली सीडी काही शे रुपयांत मिळून जाते. विशेष म्हणजे सूर बरोबर लागलेत ते स्वस्त सीडीवर. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत पहिल्या तीन रचना मुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित मंद फिरत होतं. ती टेप योग्य गतीने वाजवली की सूर चढे लागतात. रेकॉर्डची पहिली बाजू तीसहून अधिक वर्षं त्याच चढ्या सुरात विकली गेली. दुसऱ्या मशीनवर त्याच वेळी घेतलेल्या टेपच्या आधारे १९९२ साली ही चूक दुरुस्त झाली आणि १९९७ सालच्या सीडीपासून दुरुस्त आवृत्ती सर्वसामान्य ग्राहकाच्या हाती आली.

एकाच संगीताच्या दोन किमतींमधली ही तफावत जॅझच्या बाजारात पावलोपावली दिसते. किंमत ठरते ती वस्तू किती दुर्मीळ आहे त्यावर. वादन किती थोर आहे, याचा तिच्याशी फारसा संबंध नसतो. त्यामुळे ज्याला मुळात ऐकायचं आहे, त्याची इथे चंगळ आहे. मोठमोठ्या वादकांचं उत्तम काम वारंवार छापलं गेलं आणि छापलं गेलं म्हणूनच ते स्वस्त झालं. मात्र एखादा आल्बम स्वस्त कशामुळे झाला, हे कळायला हवं. ते कळलं की कुठे शोधायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हेही आपोआप कळत जातं.

महाग कशामुळे होते?

आधी उलट बाजू पाहू. बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लू नोट’ ही कंपनी उभी केली. पन्नाशीच्या दशकात तिच्या रेकॉर्ड थोड्या संख्येने निघत. हँक मोबली या टेनर सॅक्सोफोन वादकाची १५६८ क्रमांकाची रेकॉर्ड १९५७ सालची. तिच्या पहिल्या छपाईच्या प्रती इतक्या कमी उरल्या आहेत, की त्यांचे लिलाव हजारो डॉलरवर जातात.

अशी रेकॉर्ड हातात आली की जाणकार आधी ती उजेडात तिरकी धरतो. गाण्याच्या खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामध्ये एक गुळगुळीत काळी पट्टी असते. तिथे ‘आरव्हीजी’ ही अक्षरं कोरलेली हवीत. ती रूडी व्हॅन गेल्डरची खूण. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझची ध्वनिमुद्रणं करायचा. त्याच पट्टीवर कानाच्या आकाराची बारीक खूण दिसते. ती ‘प्लॅस्टिलाइट’ या कारखान्याची. १९६०च्या दशकाच्या मध्यात ‘ब्लू नोट’ विकली गेली आणि त्यानंतर ही खूण नाहीशी झाली. लेबलावर कंपनीचा जुना पत्ता आणि लेबलाच्या कडेला दाबली गेलेली खोल गोल खाच, या आणखी दोन खुणा. पैसे मोजले जातात ते या खुणांसाठी. मोबलीचं वादन हवं असेल, तर नंतरच्या आवृत्त्यांवर ते पूर्णच्या पूर्ण ऐकायला मिळतं.

कापलेल्या कोपऱ्याची रेकॉर्ड

अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्या दुकानदारांकडून न विकलेला माल परत घेत. एखादा आल्बम यादीतून काढून टाकला की गोदामात पडून राहिलेल्या प्रती घाऊक व्यापाऱ्यांना अगदी कमी भावात दिल्या जात. तो माल फिरून पूर्ण भावात कंपनीच्या गळ्यात पडू नये, म्हणून कव्हरचा कोपरा कापत, करवतीने कडेला खाच पाडत किंवा आरपार भोक पाडत. या मालाला तिथे ‘कट-आउट’ म्हणतात. साठीच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत अमेरिकन दुकानांत अशा रेकॉर्डचे खोकेच्या खोके असायचे.

जॅझला या प्रकाराची झळ जास्त बसली, कारण जॅझची रेकॉर्ड हळूहळू विकली जाते आणि कंपन्यांना तेवढा धीर नसायचा. कलावंतांच्या करारांत सहसा अशा विक्रीवर मानधन नसे, त्यामुळे नुकसान त्यांचंच व्हायचं. आज जुन्या बाजारात मात्र कोपरा कापलेलं कव्हर ऐकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. संग्राहक त्याकडे पाठ फिरवतात, म्हणून भाव उतरतो. आतली रेकॉर्ड बहुतेक वेळा फारशी वाजवलेली नसते.

दुसरा मोठा साठा आला रेकॉर्ड क्लबांतून. कोलंबियाने १९५५ साली टपालाने रेकॉर्ड पाठवणारा क्लब काढला, मग इतर कंपन्याही त्यात उतरल्या. सभासद झालात की एका सेंटमध्ये डझनभर रेकॉर्ड किंवा सीडी, आणि पुढे ठरावीक संख्येने पूर्ण भावात खरेदी, असा तो व्यवहार. त्या काळात घरोघरी गेलेल्या प्रती आता अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आल्या आहेत. डेव्ह ब्रूबेकचा ‘टाइम आउट’ किंवा ‘गेट्झ/जिल्बर्टो’ यांसारख्या खपाच्या आल्बमसाठी तिथे जास्त पैसे मोजायचं काही कारण नाही. घाई न करता जी प्रत स्वच्छ दिसेल ती घ्यावी.

पुन्हा छापण्याचं पुण्य

स्वस्त जॅझच्या इतिहासात कॅलिफोर्नियातल्या ‘फँटसी रेकॉर्ड्स’चं नाव आदराने घ्यायला हवं. ‘वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट’ आणि ‘अमेडियस’ हे चित्रपट काढणारा निर्माता सॉल झेंट्स या कंपनीचा प्रमुख होता. ‘क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल’ या रॉक बँडने कंपनीला बक्कळ पैसा मिळवून दिला. त्याच्या जोरावर सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला फँटसीने ‘प्रेस्टिज’, ‘रिव्हरसाइड’ आणि ‘माइलस्टोन’ या जॅझ कंपन्या विकत घेतल्या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिने ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ ही माला काढली: कव्हर मूळचंच, आतलं संगीत मूळचंच, भाव मात्र नव्या आल्बमपेक्षा कमी. शेकडो आल्बम या मालेतून पुन्हा दुकानात आले. बिल इव्हान्सचा ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ आणि सनी रोलिन्सचा ‘सॅक्सोफोन कोलॉसस’ त्यांतलेच.

रोलिन्सचं नाव मुंबईला परकं नाही. साठीच्या दशकाच्या अखेरीस तो पवईच्या आश्रमात राहून गेला आणि १९७८ साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली तेव्हा तिथे वाजवायलाही आला. त्याच्या ऐन बहरातलं काम स्वस्तात ऐकायचं, तर या मालेची जुनी सीडी किंवा रेकॉर्ड शोधावी. २०२३ पासून ‘क्राफ्ट’ या कंपनीने हेच नाव घेऊन जाड रेकॉर्डची नवी माला काढली आहे. तिची बनावट उत्तम आहे, पण ती काटकसरीची खरेदी नाही.

सीडीच्या काळात मोठ्या कंपन्यांनी आणखी एक वाट काढली. सोनीची ‘ओरिजिनल आल्बम क्लासिक्स’ आणि वॉर्नरची ‘ओरिजिनल आल्बम सिरीज’ या मालांत एकाच कलावंताचे पाच आल्बम पातळ पुठ्ठ्याच्या कव्हरांत घालून, एका खोक्यात, जवळजवळ एका आल्बमच्या भावात मिळू लागले. पुस्तिका नाही, वादकांविषयीचा लेख नाही, पण आवाज मूळ कंपनीच्या टेपवरून घेतलेला. नवख्या श्रोत्याने सुरुवात अशा संचापासून करावी.

‘मोझॅक रेकॉर्ड्स’ची तऱ्हा नेमकी उलटी. मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी यांनी उभ्या केलेल्या या कंपनीने थेलोनियस मंकच्या ब्लू नोटवरच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात केली. तिचे संच मोजक्या संख्येने निघतात, टपालाने विकले जातात आणि एकदा संपले की सहसा परत छापले जात नाहीत. नंतर तेच संच जुन्या बाजारात चढ्या भावाने विकले जातात. म्हणून मोझॅक ‘संपत आले’ म्हणून जी यादी जाहीर करते, तिच्यावर जाणकारांची नजर असते. तिथे छापील किमतीत घेतलेला संचही पुढच्या भावाच्या मानाने स्वस्तच पडतो.

सीडीचे दिवस

माध्यम बदललं की जुनं माध्यम मातीमोल होतं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत लोकांनी रेकॉर्ड विकून सीडी घेतल्या, तेव्हा रेकॉर्ड घेणाऱ्यांचं फावलं. आज चक्र उलटं फिरलं आहे. अमेरिकेत २०२२ साली रेकॉर्डची विक्री सुमारे ४ कोटी १० लाख प्रतींवर गेली, तर सीडीची ३ कोटी ३० लाखांवर राहिली. प्रतींच्या संख्येत रेकॉर्डने सीडीला मागे टाकलं, ते १९८७ नंतर पहिल्यांदाच. मागणी ओसरली तसे वापरलेल्या सीडीचे भाव कोसळले. ज्याच्या घरी सीडी प्लेअर चालू स्थितीत आहे, त्याच्यासाठी जॅझ घ्यायला याहून चांगला काळ नाही.

सीडी घेताना ती उलटी करून पाहावी. बारीक चरे बहुतेक वेळा आवाजात उतरत नाहीत, पण कडेकडून आत येणारी तांबूस-तपकिरी झाक दिसली तर ती ठेवून द्यावी. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या ‘पीडीओ’ कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडींना हा रोग लागला. आतला धातूचा थर गंजत जातो आणि शेवटी सीडी वाजेनाशी होते.

जुन्या सीडींसाठी जगभरचे जॅझप्रेमी टोकियोची वाट धरतात. जपानमध्ये पुस्तकांप्रमाणेच देशी बनावटीच्या नव्या रेकॉर्ड-सीडीही कंपनीने ठरवलेल्या किमतीतच विकायची पद्धत कायद्याने मान्य केलेली आहे. दुकानदाराला त्यांवर मनाप्रमाणे सूट देता येत नाही. वापरलेल्या मालाला हा नियम नाही, त्यामुळे तिथे जुन्या मालाचा बाजार चांगलाच वाढला. ‘डिस्क युनियन’ या दुकानांच्या साखळीत तर जॅझसाठी वेगळी दुकानं आहेत. जपानी ग्राहक वस्तू जपून वापरतो, कव्हरभोवतीची कागदी पट्टीसुद्धा सांभाळतो. म्हणून तिथल्या वापरलेल्या सीडी पुष्कळदा नव्यासारख्या असतात.

१९६२ची रेघ

युरोपातल्या दुकानांत एका कलावंताचे आठ आल्बम चार सीडींवर बसवलेले संच नगण्य किमतीत दिसतात. यामागे कायदा आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०११ साली तो ७० वर्षांचा करायचं ठरलं आणि २०१३ पासून तो अमलात आला. पण तोवर हक्कमुक्त झालेली मुद्रणं पुन्हा हक्काखाली आली नाहीत. त्यामुळे १९६२ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेलं जॅझ तिथे कुणीही छापू शकतं. ‘काइंड ऑफ ब्लू’, ‘टाइम आउट’ आणि चार्ल्स मिंगसचा ‘मिंगस आह उम’ हे १९५९ सालचे आल्बम रेघेच्या अलीकडे आहेत. जॉन कोल्ट्रेनचा १९६५ सालचा ‘अ लव्ह सुप्रीम’ पलीकडे आहे, म्हणून तो अशा संचांत सापडत नाही. १९६३ सालची मुद्रणं युरोपात मोकळी व्हायला २०३४चा जानेवारी उजाडेल.

हे संच कायदेशीर असले तरी दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. पहिली आवाजाची. मूळ टेप मूळ कंपनीच्या कपाटात असतात, त्यामुळे स्वस्त संच काढणारे पुष्कळदा जुन्या रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्याच्या सीडीवरून नक्कल करतात. काही छोटे प्रकाशक हे काम कसोशीने करतात, काही अजिबात करत नाहीत. कव्हरवर वादकांची नावं, मुद्रणाच्या तारखा आणि आवाज कुणी स्वच्छ केला याचा उल्लेख असेल, तर काम मन लावून झालं असण्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट पैशांची. रचनाकाराचा हक्क वेगळा असतो आणि तो ध्वनिमुद्रणाच्या हक्कापेक्षा जास्त काळ टिकतो. वादकाच्या वारसांना मात्र अशा संचातून काही मिळत नाही. मूळ कंपनीचा पाच आल्बमचा खोका तेवढ्याच किमतीत मिळत असेल, तर तोच घ्यावा.

मुंबईचा धागा

मुंबईत जॅझ १९३५ साली जोमाने रुजलं, लिऑन अॅबी हा व्हायोलिनवादक आपला अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला तेव्हा. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड आले. त्यांच्या सहवासात गोव्याचे वादक तयार झाले: फ्रँक फर्नांड, तसेच ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. हाच चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला आणि ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात हा सगळा जॅझचा संस्कार उतरला. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी पुस्तकात ही सगळी कहाणी आली आहे.

त्या काळच्या ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या चोरबाजारात किंवा घर रिकामं करताना निघालेल्या सामानात अधूनमधून दिसतात. त्या घेण्याआधी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाखेची तबकडी हातातून निसटली की तुकडेच होतात. शिवाय ती वाजवायला ७८ची गती असलेला प्लेअर आणि रुंद टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिच्यावर ठेवू नये.

काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली बंद झालं आणि शहरातलं जॅझच्या खरेदीचं एक हक्काचं ठिकाण गेलं. आता फोर्टचे पदपथ, चोरबाजार आणि मोजकी नवी रेकॉर्ड-दुकानं उरली आहेत. इथेही किमतीचा नियम तोच. शंकर-जयकिशन यांचा ‘रागा जॅझ स्टाइल’ हा १९६८ सालचा आल्बम घ्या. रईस खान यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लेस्ली गुदिन्हो यांचे ड्रम्स. त्याची एचएमव्हीची मूळ प्रत संग्राहकांमुळे फार महाग झाली. अलीकडे तो पुन्हा छापला गेला आणि तेच संगीत त्या भावाच्या लहानशा हिश्श्यात मिळू लागलं.

भाव कसा करावा

वापरलेली रेकॉर्ड घेताना श्रेणी समजून घ्यावी लागते. ‘गोल्डमाइन’ या अमेरिकन मासिकाची श्रेणीपद्धत जगभर चालते. ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नवी, ‘व्हीजी प्लस’ म्हणजे थोडी वापरलेली, ‘व्हीजी’ म्हणजे खरखर ऐकू येईल अशी. ‘गुड’ ही श्रेणी त्याच्याही खाली येते, ती टाळलेली बरी. फक्त ऐकण्यासाठी घ्यायची असेल, तर सगळ्यात फायद्याची ‘व्हीजी प्लस’. संग्राहक वरच्या श्रेणीमागे धावतात, त्यामुळे हिचा भाव बराच खाली असतो.

भाव ठरवायला ‘डिस्कॉग्ज’ ही २००० साली सुरू झालेली यादी हाताशी असावी. तिथे प्रत्येक आवृत्तीची वेगळी नोंद असते आणि ती पूर्वी कमीत कमी, जास्तीत जास्त आणि साधारण किती किमतीला विकली गेली हेही दिसतं. दुकानदाराशी घासाघीस करताना हे आकडे उपयोगी पडतात. परदेशातून मागवताना मात्र टपालखर्च आणि आयात शुल्क धरून हिशेब करावा, नाहीतर तीन डॉलरची सीडी घरी येईपर्यंत हजारात जाते. एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा सीडी एकदम घ्याव्यात आणि प्लास्टिकच्या डब्या काढून फक्त सीडी, कव्हर आणि पुस्तिका पाठवायला सांगावं. वजन निम्म्याहून कमी होतं.

एप्रिलमधल्या ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ला, २००८ पासून, दुकानांसमोर रांगा लागतात. तिथे मिळतात त्या खास, मर्यादित आवृत्त्या, आणि त्यांचा भाव बहुधा चढाच असतो. त्या दिवशी स्वस्ताई शोधायची तर नव्या मालाच्या टेबलाकडे न जाता जुन्या मालाच्या खोक्यांकडे वळावं.

हयात वादकांच्या बाबतीत वेगळा विचार करायला हवा. त्यांचं पोट विक्रीवर चालतं आणि जॅझमध्ये ती विक्री मुळातच तुटपुंजी असते. ‘बँडकॅम्प’वर कलावंत आपलं संगीत थेट विकतात आणि संकेतस्थळ डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापून घेतं. करोनाकाळात, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी एका दिवसासाठी हा वाटा सोडून दिला. तेव्हापासून वर्षातल्या काही ठरलेल्या शुक्रवारी तसं केलं जातं. आल्बमची किंमत तीच राहते, पण आपले पैसे जास्त प्रमाणात वादकापर्यंत पोचतात. जुन्या मालातून वाचवलेले पैसे अशा शुक्रवारी खर्च करावेत.

एक पैसाही न मोजता मिळणारा साठाही वाढतो आहे. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्याने १९२३ ते १९४६ या काळातली ध्वनिमुद्रणं १०० वर्षांनी मोकळी होतात, दर १ जानेवारीला एका वर्षाची. ‘काइंड ऑफ ब्लू’ला तिथे २०६७पर्यंत थांबावं लागणार आहे. पण किंग ऑलिव्हरच्या बँडची १९२३ सालची मुद्रणं २०२४ साली सर्वांची झाली. त्यांत ऑलिव्हरच्या जोडीला दुसरा कॉर्नेट वाजवणारा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. त्याचाच ‘वेस्ट एन्ड ब्लूज’ १९२८ सालचा, तो १ जानेवारी २०२९ रोजी मोकळा होईल.